निरीक्षण आणि अनुमान : भूविज्ञानाच्या विद्यार्थिनीस पत्र

चि. भाचीस,



पृथ्वी आणि ग्रहविज्ञान हा विषय पदवीसाठी निवडणाऱ्या विद्यार्थिनीला पहिल्या वर्षी सर्वांत अनोळखी वाटते ते या शास्त्रातील पुराव्याचे स्वरूप. बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात एखाद्या विधानाबद्दल शंका आली, तर प्रयोग पुन्हा करून पाहता येतो. परंतु सह्याद्रीचे कडे ज्या लाव्हाने घडवले तो लाव्हा पुन्हा ओतता येत नाही, आणि चंद्रावरची विवरे पुन्हा पाडून पाहता येत नाहीत. घटना होऊन गेलेली असते, तिचे अवशेष तेवढे उरलेले असतात, तेही झिजलेले, झाकलेले आणि अर्धवट, आणि त्यांच्यावरून मूळ घटना उभी करायची असते. अशा शास्त्रात डोळ्यांनी काय पाहिले आणि पाहिलेल्यावरून काय ताडले, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू न देणे ही पहिली शिस्त होय. खनिजांची नावे, कालखंडांचे तक्ते आणि समीकरणे यथाकाल येतातच. ही शिस्त मात्र पहिल्या सत्रातच अंगी बाणवली नाही, तर पुढे फार जड जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराचा इतिहास या दृष्टीने विद्यार्थिनीने बारकाईने अभ्यासावा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल आणि काठापासून तळ्यापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल असा हा खळगा दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला, लोह आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण अधिक असलेला, काळसर आणि बारीक कणांचा खडक. सभोवार शेकडो किलोमीटर ज्वालामुखीचाच खडक पसरलेला असल्यामुळे मधला खळगाही ज्वालामुखीचाच असणार, हे अनुमान एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना इतके स्वाभाविक वाटले की, दीर्घकाळ ते निरीक्षणाच्याच जागी बसून राहिले. प्रत्यक्षात पाहिलेले एवढेच होते : गोल खळगा, भोवतीच्या मैदानापेक्षा उचललेला काठ आणि काठाबाहेर विखुरलेला खडकांचा चुरा. ज्वालामुखी कोणीही पाहिलेला नव्हता.

याच काळात अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये सुमारे १.२ किलोमीटर व्यासाच्या अशाच एका विवराचा प्रश्न ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी हाती घेतला होता. त्या विवराभोवती लोखंडाचे अशनी, म्हणजे अवकाशातून येऊन जमिनीवर पडलेले पिंड, मोठ्या संख्येने सापडत असल्यामुळे ते आघाताने झाले असावे ही शक्यता त्यांनी गंभीरपणे घेतली आणि तिची कसोटी आधी ठरवली. लोखंडाचा प्रचंड पिंड खाली गाडला गेला असेल, तर काठावर साचलेल्या चुऱ्याचे घनफळ खळग्याच्या घनफळापेक्षा अधिक भरले पाहिजे, आणि चुंबकसूची विवराजवळ विचलित झाली पाहिजे. १८९१ साली त्यांनी दोन्ही मोजमापे केली. दोन्ही घनफळे जुळली आणि सूची ढळली नाही. तेव्हा त्यांनी आघाताची कल्पना बाजूला ठेवून भूगर्भातील वाफेच्या स्फोटाचा पक्ष स्वीकारला. १८९३ साली चंद्रावरची विवरे आघाताने झाली असे ठामपणे मांडणारेही हेच गिल्बर्ट होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध जाणारा पुरावा मान्य करण्याची त्यांची तयारी किती मोठी होती हे कळते.

तरीही त्यांचा निष्कर्ष चुकला. त्यांच्या दोन्ही मोजमापांत दोष नव्हता. दोष होता तो कसोटीखाली दडलेल्या एका गृहीतकात. विवर पाडणारा पिंड साधारण विवराच्याच मापाचा असला पाहिजे, असे त्यांनी धरले होते. सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या पिंडाची ऊर्जा एवढी असते की, काही डझन मीटर व्यासाचा पिंडही किलोमीटरभराचे विवर पाडू शकतो आणि स्वतः मात्र बहुतांशी वितळून, विखरून किंवा वाफ होऊन जातो, हे त्या काळी ज्ञात नव्हते. गाडलेले लोखंड नव्हतेच, म्हणून सूची ढळली नाही. विद्यार्थिनीने गिल्बर्ट यांची चूक शोधण्यापेक्षा त्यांनी आपली मापे, तर्क आणि गृहीतके उघडपणे लिहून ठेवली, त्यामुळेच पुढील पिढीला नेमकी चूक सापडू शकली, याकडे अधिक लक्ष द्यावे. अस्पष्ट लिहिणाऱ्याची चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही. त्याच काळातील दुसरे अमेरिकन भूवैज्ञानिक थॉमस चेंबरलिन यांनी १८९० साली मांडलेला विचारही येथे उपयोगी आहे : एकाच कल्पनेशी जडून न राहता एका वेळी अनेक संभाव्य स्पष्टीकरणे हाताशी ठेवावीत आणि त्यांपैकी कोणते कोणत्या निरीक्षणाने बाद होईल हे आधीच ठरवावे. पदवीच्या कोणत्याही प्रकल्पाचे पहिले पान या पद्धतीने लिहिता येते आणि लिहिले जावे.

निर्णय पुढे मोठ्या भूरूपांनी दिला नाही, तो सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांनी दिला. १९६० साली ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट, म्हणजे अतिशय उच्च दाबाखाली तयार होणारे सिलिकाचे रूप, सापडले. लोणारच्या बाबतीत १९७३ साली कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञही होते, तळ्याखालून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट असल्याचे दाखवले. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे, कॅल्शियम व सोडियम असलेले फेल्डस्पार गटातील खनिज विपुल असते. आघाताची लहर त्यातून जाते तेव्हा स्फटिकातील अणूंची शिस्तबद्ध रचना मोडते, पण कण बाहेरून आपला आकार राखतो, आणि न वितळता काचेसारख्या झालेल्या त्या कणाला मॅस्केलिनाइट म्हणतात. यासाठी वातावरणाच्या दाबाच्या दोन-तीन लाख पट दाब लागतो. ज्वालामुखीच्या कोणत्याही स्फोटात असा दाब निर्माण होत नाही, आणि म्हणून या एका निरीक्षणाने एक स्पष्टीकरण बाद होऊन दुसरे उभे राहिले.

मॅस्केलिनाइट प्रथम ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या एका दगडात. १८६५ साली बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत गुस्ताव चेरमाक यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले. हा अशनी आला कोठून हे त्या वेळी कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. पुढे त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीतील काचेत अडकलेले वायू हे व्हायकिंग यानांनी १९७६ साली मंगळावर मोजलेल्या वातावरणाशी जुळतात असे १९८३ साली दिसून आले आणि या गटाचे दगड मंगळाचे असल्याचे मान्य झाले. मंगळाचा बेसाल्ट आघाताने उडून बिहारच्या मातीत पडतो आणि लोणारच्या बेसाल्टमध्ये आघाताची तीच खूण सापडते, यावरून पृथ्वीविज्ञान आणि ग्रहविज्ञान हे एकाच विद्यापीठीय विभागात का शिकवले जातात, हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

लोणारचा उगम निश्चित झाला म्हणून प्रश्न संपले, असे मात्र नाही. विवराचे वय अजून वादात आहे. आघातात वितळलेल्या काचेवर ऊष्मादीप्ती पद्धतीने, म्हणजे शेवटच्या तापण्यानंतर खनिजात साठत गेलेली किरणोत्सर्गाची ऊर्जा प्रकाशरूपाने मोजून, वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. तर पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी अणूंपासून बनणाऱ्या आरगॉन वायूच्या मोजणीवरून २०११ साली सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दोन उत्तरांत दहा पटींहून अधिक अंतर आहे. पहिल्या पद्धतीत साठवण गळत गेली किंवा भरून थांबली, तर वय कमी दिसते. दुसऱ्या पद्धतीत मूळ बेसाल्टमधील जुना आरगॉन पूर्णपणे निसटला नाही, तर वय अधिक दिसते. परीक्षेत कोणता आकडा लिहावा, असा प्रश्न विद्यार्थिनीला पडणे साहजिक आहे. योग्य उत्तर दोन्ही आकडे, दोन्ही पद्धती आणि दोन्हींतील संभाव्य दोष यांसह लिहिण्यात आहे. पद्धतीवाचून सांगितलेला वयाचा आकडा या शास्त्रात अपुरा मानावा.

ग्रहांच्या ओढीने या विषयाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांमध्ये खनिजशास्त्र, खडकशास्त्र आणि स्तरविज्ञान हे जुनाट विषय कसेबसे ओलांडून लवकरात लवकर यानांच्या माहितीपर्यंत पोहोचावे अशी घाई दिसते. ही घाई टाळणे फार आवश्यक आहे. महाराष्ट्रात शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या दाराशी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उरलेले थर आहेत. पुण्याहून खंडाळ्याच्या किंवा वाईहून महाबळेश्वरच्या घाटाने जाताना कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात, त्या एकावर एक साचलेल्या प्रवाहांच्या होत. दोन प्रवाहांमधला तांबडा, ठिसूळ थर, ज्याला बोल म्हणतात, तो पहिला प्रवाह थंड होऊन त्याची झीज होण्याइतका काळ मध्ये गेल्याची साक्ष देतो. प्रवाहाच्या माथ्याजवळ वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे अधिक असतात आणि पुढे त्यांत भूजलातून झिओलाइट गटातील आणि तत्सम खनिजे भरतात. पुणे, नाशिक आणि जळगाव भागांतील खाणींत सापडणारे स्टिल्बाइटचे आणि अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक असेच तयार झाले आहेत. प्रवाहाचा तळ कोणता, माथा कोणता आणि लाव्हा कोणत्या दिशेने सरकला असावा, हे एका कड्यावर तरी विद्यार्थिनीने स्वतः ठरवून पाहावे.

या थरांच्या वयावरून चाललेला वादही तिने मूळ शोधनिबंधांतून वाचावा. डायनासोर ज्या सामूहिक विलोपनात नाहीसे झाले, त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात चिक्षुलूबचा आघात झाला आणि त्याच सुमारास दख्खनचे उद्रेकही चालू होते; त्यामुळे कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यास प्रवाहांचे वय काही हजार वर्षांच्या नेमकेपणाने हवे असते. २०१९ साली दोन गटांनी एकाच वेळी उत्तरे प्रसिद्ध केली. एका गटाने मुख्यतः तांबड्या थरांतील झिर्कॉन खनिजाच्या युरेनियम-शिसे मापनावरून उद्रेक ठळक झटक्यांत झाले आणि त्यांपैकी एक मोठा झटका आघाताच्या थोडासा आधी आला असे म्हटले. दुसऱ्या गटाने बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेजच्या आरगॉन मापनावरून लाव्हाचा बहुतांश भाग विलोपनानंतर ओतला गेला असे म्हटले. प्रदेश तोच, सह्याद्रीचाच, आणि तरीही चित्रे वेगळी आली. दोन्ही निबंध शेजारी ठेवून, कोणता नमुना कोणत्या थरातून घेतला एवढेच तपासत वाचले, तरी पाठ्यपुस्तकाच्या अनेक प्रकरणांनी येणार नाही इतकी समज येते.

बेसाल्टची ही ओळख पृथ्वीबाहेरही उपयोगी पडते : चंद्राचे काळे डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने आहेत, आणि मंगळाच्या पृष्ठाचा मोठा भाग बेसाल्टचाच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडील उच्च अक्षांशांत उतरले, तेव्हा प्रज्ञान या फिरत्या यंत्रावरील क्ष-किरण उपकरणाने तेथील मातीची रासायनिक घडण मोजली. ती लोहयुक्त ॲनॉर्थोसाइट, म्हणजे जवळजवळ केवळ प्लॅजिओक्लेजने बनलेल्या फिकट खडकाच्या घडणीशी मिळतीजुळती निघाली. आरंभी चंद्र मोठ्या खोलीपर्यंत वितळलेला होता, त्या शिलारसाच्या महासागरात हलके प्लॅजिओक्लेज वर तरंगून कवच बनले, या सिद्धांताला त्यामुळे नव्या जागेवरून बळ मिळाले. ज्या विद्यार्थिनीने प्रयोगशाळेत सह्याद्रीच्या बेसाल्टचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद ध्रुवित प्रकाशाखाली फिरवून प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे पाहिले आहेत, तिला हा निष्कर्ष कळतो. जिने ते टाळले, तिच्या हाती त्या बातमीचे फक्त शब्द राहतात. पहिल्या वर्षात शंभर खनिजांची यादी पाठ करण्यापेक्षा हे एक खनिज खडकात, छेदात आणि रासायनिक सूत्रात अशा तीन ठिकाणी न चुकता ओळखता येणे अधिक मोलाचे आहे. यानांनी घेतलेली बरीच माहिती इस्रो अभ्यासकांना खुली करते, तिचा उपयोग तिसऱ्या वर्षापासून अवश्य करावा. पण तेव्हाही पडद्यावरच्या रंगीत नकाशातील प्रत्येक रंग हे आधीच कोणीतरी केलेले अनुमान आहे, हे विसरू नये.

गणिताबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. भूविज्ञान म्हणजे गणिताला घाबरणाऱ्यांसाठीचे शास्त्र, असा समज अजूनही आढळतो आणि त्याने अनेक बुद्धिमान विद्यार्थ्यांचे नुकसान होते. किरणोत्सर्गी क्षयाचे समीकरण घातांकी फलन समजल्याशिवाय हाताळता येत नाही, भूकंपलहरींचा मार्ग कलनशास्त्राशिवाय उलगडत नाही, आणि मापनातील अनिश्चितता संख्याशास्त्राशिवाय लिहिताच येत नाही. चार वर्षांच्या पदवीत मुख्य विषयासोबत दुसरा विषय निवडण्याची संधी असेल, तर भौतिकशास्त्र किंवा गणित घ्यावे आणि पायथन ही संगणकभाषा व नकाशांसाठीची क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली हळूहळू शिकून घ्यावी. रसायनशास्त्राची किंमत कळण्यासाठी क्लेअर पॅटरसन यांचे काम पाहावे. ॲरिझोनाच्या त्याच विवरापाशी सापडलेल्या लोखंडी अशनीतील आणि इतर अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून, त्यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. हे मापन शक्य झाले, कारण प्रयोगशाळेच्या हवेतून, काचेतून आणि हातांतून नमुन्यात मिसळणारे शिसे त्यांनी अनेक वर्षे कष्ट घेऊन दूर केले. ते दूर करताना, पेट्रोलमधून वातावरणात शिसे किती पसरले आहे हेही त्यांच्या ध्यानी आले आणि त्याविरुद्ध ते पुढे दीर्घकाळ झगडले. प्रयोगशाळेतील स्वच्छतेचा कंटाळा येईल तेव्हा हे आठवावे.

घरची मंडळी नोकरीबद्दल विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जागा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, पनवेलची भूचुंबकत्व संस्था आणि गोव्यातील ध्रुवीय व सागरी संशोधनाच्या संस्था हे संशोधनाचे मार्ग आहेत. परंतु यांपैकी कोणत्याही दारापेक्षा या विद्येची गरज मोठी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. तो प्रदेश तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लाव्हाच्या जाड थराखाली जुन्या खडकातील भेगा झाकल्या गेल्या होत्या, आणि धोक्याचा पुरावा न दिसणे म्हणजे धोका नसणे असे धरले गेले होते. निरीक्षण आणि अनुमान यांतील सीमा पुसली गेली की तिची किंमत गावे मोजतात. २०१४ साली माळीण गावावर डोंगर घसरला. उन्हाळ्यात शेकडो गावांच्या विहिरी आटतात, कारण बेसाल्टमध्ये पाणी फक्त झिजलेल्या भागात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते, आणि तो थर कोठे आहे हे न पाहता विंधनविहिरी खोदल्या जातात. एखाद्या तालुक्याचा भूजल नकाशा नीट काढणारी पदवीधर मुलगी मंगळाच्या नकाशावर काम करणाऱ्यापेक्षा कमी दर्जाचे काम करते, असे कोणी म्हटले तर ते तिने मनावर घेऊ नये.

आता क्षेत्रकार्याविषयी. वही पक्क्या बांधणीची असावी आणि पेन्सिलने लिहावे, कारण पावसात शाई पसरते. प्रत्येक थांब्यावर तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश लिहून डाव्या पानावर केवळ दिसलेले आणि मोजलेले लिहावे : रंग, कणांचा आकार, थराची जाडी, थर कलला असल्यास किती अंशांनी आणि कोणत्या दिशेला. उजव्या पानावर त्यावरून काय वाटते ते लिहावे, आणि एकाहून अधिक गोष्टी वाटत असतील तर त्या सर्व लिहाव्यात. छायाचित्र काढले तरी हाताने रेखाटन करावेच; रेखाटताना डोळा अशा रेषेवर थांबतो जी छायाचित्र काढणाऱ्याच्या नजरेतून निसटते. खोडलेले वाचता येईल अशाच रीतीने खोडावे आणि पान कधीही फाडू नये. दहा पट मोठे दाखवणारे भिंग गळ्यात असावे, हातोडा मात्र विचार करून उचलावा : लोणार हे राष्ट्रीय भूवारसास्थळ आणि अभयारण्य आहे, तेथे खडक फोडणे निषिद्ध आहे, आणि इतरत्रही उत्तम उघडा पडलेला कडा पुढच्या तुकडीसाठी शाबूत ठेवणे हे सभ्यपणाचे आहे. खाणीत मालकाची परवानगी घेऊन, शिरस्त्राण घालून जावे. पावसाळ्यात घाटातील सुट्या कड्याखाली थांबू नये. मुलींनी क्षेत्रकार्याला एकटे जाऊ नये हा सल्ला येथे मुलांनाही तितकाच लागू आहे, कारण पाय मुरगळला तर दुसरा माणूस लागतोच. मात्र मुक्कामाच्या सोयी अपुऱ्या असल्याचे कारण देऊन मुलींना सहलीतून वगळले जात असेल, तर तिने विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि गप्प बसू नये. क्षेत्रकार्य न केलेली पदवी अर्धीच असते, आणि ती अर्धी राहण्याचे कारण विद्यार्थिनीच्या हाताबाहेरचे असता कामा नये.

पहिल्या सत्राच्या सुट्टीत घरी येताना तिने ती वही सोबत आणावी. उजव्या पानांवर किती बरोबर निघाले हे विचारले जाणार नाही. डावी पाने मात्र ओळीने वाचली जातील.

कळावे.

मामाचे आशीर्वाद